हलकी काच घेतली, तरी नाक दुखतं आणि स्क्रूपाशी तडा जातो: बिघाड कुठे शोधायचा

तीन वर्षांत चष्म्याच्या तीन काचा गेल्या. तिन्ही उजव्या डोळ्याच्या, तिन्ही रिमलेस, म्हणजे काचेभोवती चौकट नसलेल्या फ्रेममधल्या, आणि तिन्ही वेळा तडा नाकाकडच्या स्क्रूच्या भोकापासूनच निघाला. पहिल्यांदा ‘काच कच्ची निघाली’ असं म्हणून सोडून दिलं. दुसऱ्यांदा हट्टाने ‘अनब्रेकेबल’ मागून घेतली, म्हणजे पॉलिकार्बोनेट. ती पहिल्यापेक्षाही लवकर गेली. तिसरीही पॉलिकार्बोनेटच होती, आणि तिलाही तडा गेला तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला, की आपण दर वेळी औषध बदलतोय, पण रोग काय आहे ते कुणी बघितलेलंच नाही.

नंबर मायनस सहा. एवढ्या नंबराला हलकी आणि टिकाऊ काच हवी असं म्हटलं, की समोरचा माणूस बहुधा लगेच मटेरियलचं नाव सांगतो: हाय इंडेक्स (प्रकाश जास्त वाकवणारं, म्हणून पातळ होणारं प्लास्टिक) घ्या, पॉली घ्या, ट्रायव्हेक्स घ्या. नावं बरोबर असतात, पण क्रम उलटा होतो. आधी जुन्या चष्म्यात बिघाड कुठून सुरू झाला ते बघायचं, मग फ्रेम बघायची, आणि सगळ्यात शेवटी मटेरियल. मी हे तीन काचा घालवून शिकलो. तुमची कदाचित एकच गेली असेल, तर इथेच थांबा आणि ती फेकू नका.

(‘काच’ हा शब्द सवयीने वापरतोय. आजकालच्या बहुतेक चष्म्यांत खरी काच नसतेच. खरी काच दर घन सेंटिमीटरला अडीच ग्रॅम भरते, प्लास्टिकच्या जवळजवळ दुप्पट.)

जुनी काच काय सांगते

खिडकीपाशी उभे राहा, चष्मा तिरका धरा आणि उजेड काचेवरून घसरू द्या. मोबाइलच्या कॅमेऱ्याने मोठं करून बघितलं तर आणखी चांगलं.

भोकापासून निघणारे बारीक, केसासारखे तडे असतील तर ताणाचा प्रश्न आहे. त्यावर पुढे सविस्तर लिहितो, कारण माझा सगळा घोळ तिथेच होता. कडेला शिंपल्यासारखा टवका उडाला असेल, तर काच ठिसूळ आहे किंवा कड फार पातळ ठेवली आहे. खाली नायलॉनच्या दोऱ्यावर काच पेलणाऱ्या अर्ध्या फ्रेममध्ये हे हमखास होतं, कारण दोऱ्याची खाच कडेतच कोरलेली असते आणि खाचेच्या दोन्ही बाजूंना उरलेली भिंत पातळ पडते. पूर्ण पृष्ठभागावर कोळ्याच्या जाळ्यासारखी नक्षी दिसते, पण नख फिरवलं तर काही लागत नाही? मग काच शाबूत आहे, वरचं कोटिंग तडकलं आहे. नख अडकतं आणि रेघा सगळ्या एकाच दिशेने जातात? ते पुसण्याचे ओरखडे. त्यात मटेरियलचा दोष कमी, सदऱ्याच्या टोकाचा जास्त.

चेहराही बघा. दिवसभर चष्मा लावून संध्याकाळी काढला, की नाकावरचा वळ आरशात तपासा. दोन्ही बाजूंना सारखे, लांबट गोल डाग असतील तर वजन खरंच जास्त आहे. डागाऐवजी बारीक लाल रेघ किंवा चंद्रकोर उमटली असेल, तर नोज पॅड पूर्ण टेकत नाही, त्याची फक्त धार रुतते आहे. एकाच बाजूला वळ असेल तर काडी वाकडी आहे. या शेवटच्या दोन प्रकारांत जगातली सगळ्यात हलकी काच बसवली तरी नाक दुखणारच. पॅड आणि काडी नीट करून घ्यायला पाच मिनिटं लागतात, आणि माझा अंदाज विचाराल तर ‘चष्मा जड वाटतो’ म्हणणाऱ्या निम्म्या लोकांचं काम तेवढ्यात होऊन जाईल.

आधी ही काच कसली होती ते तर कळू द्या

जुन्या काचेचं मटेरियल कोणतं, हे लक्षात नसतं आणि पावतीही सापडत नाही. तुटलेला तुकडा हाताशी असेल तर एक घरगुती युक्ती आहे. अर्धा पेला पाणी घ्या, त्यात मीठ घालून ढवळत राहा. १०० मिलिलिटर पाण्यात साधारण ३६ ग्रॅम मीठ विरघळतं, त्यानंतरचं तळाशी बसतं. वरचं निवळ पाणी दुसऱ्या पेल्यात ओता. या पाण्याची घनता जवळपास १.२० होते, आणि आपल्या कामाचा आकडा नेमका तोच आहे. सीआर-३९ म्हणजे नेहमीची साधी प्लास्टिकची काच १.३२ ची असते, पॉलिकार्बोनेट १.२० चं आणि ट्रायव्हेक्स १.११ चं. तुकडा पाण्याखाली नेऊन बोटाने त्याच्यावरचे बुडबुडे झटका आणि सोडा. तळाला गेला तर सीआर-३९ किंवा हाय इंडेक्स. वर आला तर ट्रायव्हेक्स. पॉलिकार्बोनेट मात्र ‘वर जाऊ की खाली’ असं करत मध्येच रेंगाळतं किंवा अगदी सावकाश बसतं.

माझ्या डबीत तिन्ही तुकडे होते. पहिला दगडासारखा खाली गेला. दुसरा आणि तिसरा पेल्याच्या मध्यावर तरंगत राहिले, टांगल्यासारखे. म्हणजे पहिल्या वेळी रिमलेस फ्रेममध्ये मला साधी सीआर-३९ बसवून मिळाली होती, आणि पुढच्या दोन खरोखरच पॉलिकार्बोनेट होत्या. तडा एकाच जागी, मटेरियल दोन. मग कारण एकच कसं असेल?

भोकापाशी तडा: एकच लक्षण, दोन रोग

पहिल्या काचेचं कोडं सोपं होतं. सीआर-३९ हे मटेरियल १९४० च्या दशकात अमेरिकेत तयार झालं. नावातला ३९ म्हणजे त्या मालिकेतली एकोणचाळिसावी कृती. दुसऱ्या महायुद्धात ते बॉम्बफेकी विमानांच्या इंधनटाक्यांसाठी वापरलं गेलं आणि १९४७ पासून त्याचे चष्मे होऊ लागले. दृष्टीच्या स्पष्टतेत आजही ते सरस आहे, चरेही त्यावर तुलनेने कमी पडतात. पण ते लवत नाही. भोक पाडताना कडेला जे सूक्ष्म टवके उडतात, त्यांतून पुढे चष्मा काढताना-घालताना पडणाऱ्या पिळाने तडा सरकत जातो. सीआर-३९ पूर्ण फ्रेममध्ये वर्षानुवर्षं टिकते. रिमलेसमध्ये तिला घालू नये, एवढंच.

दुसऱ्या-तिसऱ्या काचेने मात्र मला चक्रावून टाकलं. पॉलिकार्बोनेट म्हणजे १९५३ मध्ये जर्मनीत आणि अमेरिकेत वेगवेगळ्या रसायनज्ञांनी जवळपास एकाच वेळी शोधलेलं, पुढे अंतराळवीरांच्या शिरस्त्राणांपर्यंत पोहोचलेलं प्लास्टिक. हातोडीचा घाव सोसणारं मटेरियल एका इवल्याशा स्क्रूपुढे का हरतं?

काचा बसवण्यात आयुष्य गेलेले एक गृहस्थ आहेत, त्यांच्याकडे तुकडे घेऊन गेलो. त्यांनी डोळ्याला भिंग लावलं, भोकाची कड बघितली आणि विचारलं, “स्क्रूला काय लावलं होतं तुम्ही?”

“काही नाही, काका. सैल व्हायचा सारखा, म्हणून नेलपॉलिशचा एक थेंब लावला होता. रंगाचं नाही, पारदर्शकच.”

“मग तडा तुम्हीच पाडलात.” तुकडा त्यांनी माझ्या हातात दिला. भोकाभोवती दुधट, भुरकट कडी उमटलेली होती आणि तिच्यातूनच तडा निघाला होता.

ही युक्ती मला कुणीतरी सांगितली होती, आणि अजूनही लोक एकमेकांना सांगतात. पोलादी स्क्रूला तिने काही होत नाही. पण नेलपॉलिशमध्ये एस्टर जातीची द्रावकं असतात, रिमूव्हरमध्ये पुष्कळदा अ‍ॅसिटोन असतं, आणि पॉलिकार्बोनेटला दोन्ही चालत नाहीत. आधीच ताणाखाली असलेल्या पॉलिकार्बोनेटला द्रावक लागलं, की धक्का न लागताही ते तडकतं. स्क्रू सैल होऊ नये म्हणून यंत्रकामात जो लॉकिंग गोंद वापरतात, त्यानेही पॉलिकार्बोनेटला असेच तडे जातात. म्हणजे बेत एकदम चोख जमला होता: स्क्रू सैल होई, मी तो थोडा जास्तच आवळी, म्हणजे ताण वाढे, आणि वर द्रावकाचा थेंब सोडी.

हा ताण डोळ्यांनी बघता येतो. कॉम्प्युटरच्या एलसीडी पडद्यावर कोरं पांढरं पान उघडा, पोलराइज्ड गॉगल डोळ्यांसमोर धरून पडदा काळा होईपर्यंत फिरवा, आणि मधे चष्मा धरा. जिथे ताण आहे तिथे इंद्रधनुषी रंग उमटतात. पॉलिकार्बोनेट साच्यात दाबून घडवलेलं असतं, त्यामुळे त्यात थोडे रंग सगळीकडेच दिसतील, घाबरू नका. बघायचं ते एवढंच, की भोकाभोवती रंगांचे पट्टे दाटीवाटीने जमलेत का. स्क्रू पाव फेरा सैल केल्यावर ते पट्टे विरळ होतात, हे मी स्वतः पाहिलं. पूर्ण धातूच्या फ्रेममध्ये काच किंचित मोठी कापून दाबून बसवली असेल, तर हेच रंग कडेने उमटतात.

यावरचा उपाय तीन भागांचा, आणि तिन्ही एकदम करायचे. रिमलेससाठी मटेरियल ट्रायव्हेक्स किंवा चांगल्या जातीचं १.६० घ्या (हा आकडा घनतेचा नव्हे, अपवर्तनांकाचा, म्हणजे मटेरियल प्रकाश किती वाकवतं त्याचा; पुढे येणारे १.६७ आणि १.७४ हेही तसेच). ट्रायव्हेक्स २००१ मध्ये बाजारात आलं, त्याचं मूळ लष्करासाठीच्या पारदर्शक चिलखतावरच्या कामात आहे. घाव ते पॉलिकार्बोनेटसारखाच सोसतं, पण भोकापाशी तडकत नाही आणि द्रावकांना फारशी दाद देत नाही. १.६० जातीचं मटेरियलही भोक छान सहन करतं. दुसरं, स्क्रू आणि काच यांच्यामध्ये प्लास्टिकची बुशी किंवा वॉशर आहे ना, ते बघा. माझ्या फ्रेममध्ये एका बाजूची बुशी कुठेतरी पडून गेलेली होती, आणि ती बाजू उजवी होती हे वेगळं सांगायला नको. तिसरं, स्क्रू सैल झाला तर नुसता आवळा, त्याच्यावर काहीही ओतू नका. वारंवार सैल होत असेल तर स्क्रू किंवा नट झिजला आहे, तो बदला.

एका हाताने चष्मा काढायची सवयही सोडा. रिमलेसला चौकट नसते, पिळाचा सगळा भार भोकांवर येतो.

‘पातळ’ आणि ‘हलकी’ हे दोन वेगळे शब्द आहेत

आता नाकाकडे वळतो. वर सांगितल्याप्रमाणे पॅड आणि काडी नीट करूनही दोन्ही बाजूंना लांबट डाग पडतच असतील, तर वजनाचा हिशेब मांडावा लागतो.

मायनसची काच मध्ये पातळ आणि कडेला जाड असते. कडेची जाडी अदमासे काढायचं साधं सूत्र आहे: नंबर गुणिले त्रिज्येचा वर्ग, आणि या सगळ्याला भागायचं ‘२००० गुणिले अपवर्तनांकातून एक वजा करून जे उरतं ते’ या गुणाकाराने. त्यात मधली जाडी मिळवायची. सगळं मिलिमीटरमध्ये. ५० मिलिमीटर व्यासाची गोल काच, नंबर मायनस सहा, सीआर-३९ ची मधली जाडी २ आणि बाकी सगळ्यांची दीड मिलिमीटर धरून मी एका संध्याकाळी आकडे काढले. सीआर-३९ ची कड आली ५.८ मिलिमीटर आणि वजन दहा ग्रॅम. ट्रायव्हेक्सची कड ५.०, वजन ७.१. पॉलिकार्बोनेट ४.७, वजन ७.३. १.६७ ची कड ४.३, पण वजन ७.७. आणि सगळ्यात पातळ, सगळ्यात मिरवलं जाणारं १.७४? कड ४.०, वजन ८.

दोनदा पडताळून बघितलं. बरोबर आहे. हाय इंडेक्समध्ये काच पातळ होते, पण मटेरियल स्वतःच घट्ट, म्हणजे जड असतं: १.६७ ची घनता १.३६ च्या आसपास, १.७४ ची १.४७. पातळपणाने जे मिळवलं ते घनता खाऊन टाकते. हाय इंडेक्सची मधली जाडी आणखी कमी करून थोडं वजन उतरवता येतं हे खरं, पण तो खेळ ट्रायव्हेक्सलाही खेळता येतो, आणि मध्ये फार पातळ केलेलं १.७४ घाव सोसायला कमजोर पडतं. आरशात कड जाड दिसू नये ही तुमची अडचण असेल तर हाय इंडेक्स खुशाल घ्या, मायनस आठ-दहाला तर ते घ्यावंच लागतं. नाक दुखणं ही अडचण असेल, तर त्यासाठी ते औषध नाही.

या सगळ्या आकड्यांत मला सर्वांत बोलका वाटला तो मटेरियलचा नव्हेच. सूत्रात त्रिज्येचा वर्ग आहे. बाकी सगळं साधं, हीच एक गोष्ट वर्गाने वाढते.

तुमच्या चष्म्याच्या काडीच्या आतल्या बाजूला ‘५४ १८ १४५’ असं काहीतरी छापलेलं असेल. ५४ ही काचेची रुंदी, १८ मधला पूल, १४५ काडीची लांबी. माझी फ्रेम हीच होती. ५४ आणि १८ मिळून ७२. माझ्या दोन बाहुल्यांमधलं अंतर, ज्याला पीडी म्हणतात, ६२. म्हणजे प्रत्येक काचेचं दृष्टिकेंद्र, म्हणजे जो बिंदू बाहुलीसमोर यायला हवा तो, फ्रेमच्या मध्यापासून पाच मिलिमीटर नाकाकडे सरकवावं लागतं, आणि कानाकडची कड केंद्रापासून २७ अधिक ५, म्हणजे ३२ मिलिमीटरवर जाते. आता ४८-१८ ची फ्रेम घ्या. बेरीज ६६, सरकवणं फक्त दोन, कड २६ वर. सहा मिलिमीटरचा फरक. मायनस सहाला, मोठ्या फ्रेममध्ये १.६७ लावली तर कानाकडची कड ६.१ मिलिमीटर भरते. छोट्या फ्रेममध्ये अगदी साधी सीआर-३९ लावली तर? ६.१ च.

म्हणून चेहऱ्याला शोभते म्हणून मोठी फ्रेम घ्यायची आणि मग तिची भरपाई म्हणून महागडं मटेरियल घ्यायचं, हा धंदा मला आता पटत नाही. आधी फ्रेमची रुंदी आणि पूल यांची बेरीज तुमच्या पीडीच्या जवळ आणा. दोन-चार मिलिमीटर इकडेतिकडे चालतं, दहा नाही. आकार गोलाकडे झुकणारा असला तर कोपऱ्यांतली जाडीही वाचते.

वाणसामानासाठी वापरतो तसला छोटा डिजिटल काटा असेल तर चष्मा त्यावर ठेवून बघा. माझ्या मित्राचा चष्मा ३४ ग्रॅम भरला. दोन्ही काचा काढून पुन्हा ठेवला तर २१. ज्या जाड फ्रेमवर तो खूश होता, तीच त्याच्या नाकावर बसली होती, आणि तो मात्र काचा बदलत सुटला होता.

प्लसचा नंबर असेल तर

हिशेब उलटा. प्लसची काच मध्ये फुगते, आणि तिची जाडी मूळ चकती केवढी होती यावर ठरते. ७० मिलिमीटरची तयार चकती घेऊन ती छोट्या फ्रेमपुरती कापली, तर मधला फुगवटा ७० चाच राहतो. प्लस चार, सीआर-३९, कड एक मिलिमीटर: ७० ची चकती मध्ये ५.९ मिलिमीटर जाड, आणि फ्रेमच्या मापाने ५२ ची घडवलेली ३.७. मटेरियल तेच. ‘तयार स्टॉकची नको, फ्रेमच्या मापाने घडवून द्या’ एवढं वाक्य प्लसवाल्यांनी पाठ करावं.

पॉलिकार्बोनेट लावल्यापासून कडांना रंग दिसतात

ही तक्रार पुष्कळदा ‘नंबर चुकला’ म्हणून केली जाते, आणि नंबर तपासला तर तो बरोबर निघतो. खिडकीचे गज आणि मागे उजळ आभाळ असं दृश्य शोधा. डोके न हलवता डोळे काठाकडे नेऊन, काचेच्या कडेतून गजाकडे बघा. गजाच्या एका बाजूला निळसर, दुसऱ्या बाजूला नारिंगी किनार दिसली, आणि काचेच्या मधोमधून बघताना ती गायब झाली, तर दोष रंगांच्या फाटाफुटीचा आहे.

प्रत्येक मटेरियल वेगवेगळ्या रंगांना थोडं वेगवेगळं वाकवतं. ते किती, हे अ‍ॅबे अंकावरून कळतं. येना इथे भिंगांचं शास्त्र बांधणाऱ्या अर्न्स्ट अ‍ॅबेचं नाव त्याला आहे. अंक जेवढा मोठा, तेवढी फाटाफूट कमी. सीआर-३९ चा ५८, ट्रायव्हेक्सचा ४३ ते ४५, १.६० चा ४१-४२, १.६७ चा ३२ च्या आसपास, आणि पॉलिकार्बोनेटचा ३०. मायनस सहाच्या काचेत केंद्रापासून एक सेंटिमीटर बाजूला बघितलं, तर किरण सहा प्रिझम वळतो (प्रिझम हे किरण किती वळला ते मोजायचं एकक). त्याला ३० ने भागा, ०.२ येतात. ५८ ने भागा, ०.१. साधारण ०.१ च्या पलीकडे डोळ्याला किनार जाणवू लागते असं धरतात. म्हणून दोन नंबरापर्यंत पॉलिकार्बोनेटवाल्याला सहसा काही कळतही नाही, आणि सहा नंबरवाला जिन्याच्या पायऱ्या मोजत उतरतो.

काहींना आठवड्या-दोन आठवड्यांत सवय होते, काहींना होत नाही. मला झाली नाही. पुस्तकाच्या ओळीच्या शेवटच्या अक्षरांना कायम निळी सावली. तुमचं काम दिवसभर बारीक अक्षरांचं असेल, तर चारच्या वरच्या नंबराला मी पॉलिकार्बोनेट सुचवणार नाही.

एक मात्र सोडू नका: मागच्या चष्म्यापेक्षा फक्त याच चष्म्यात मधोमधही धूसर दिसत असेल, डोकं दुखत असेल, तर मटेरियलला दोष देण्याआधी काचांची दृष्टिकेंद्रं पीडीशी जुळतात का हे मोजून घ्या. ते दोन-तीन मिलिमीटर चुकलं तरी मोठ्या नंबराला त्रास होतो.

कोटिंगचं जाळं आणि ओरखडे

चकाकी घालवणारं कोटिंग म्हणजे ऑक्साइडचे थर, सगळे मिळून एका मायक्रोनपेक्षाही पातळ. खालचं प्लास्टिक उष्णतेने त्यांच्या कित्येक पटींनी प्रसरण पावतं. बंद गाडीत डॅशबोर्डवर दुपारभर ठेवलेला चष्मा, कढत पाण्याखाली धुतलेला, शेगडीवर वाकून काम करताना वाफ खाल्लेला: प्लास्टिक ताणलं जातं, थर ताणला जात नाही, जाळं पडतं. ते पुसून जात नाही, काच बदलावीच लागते. जाळं फक्त कडेलगत असेल तर उष्णतेपेक्षा फ्रेमच्या दाबावर संशय घ्या.

ओरखड्यांबद्दल फार लिहीत नाही. पॉलिकार्बोनेट आणि ट्रायव्हेक्स सीआर-३९ पेक्षा मऊ आहेत, दोन्ही बाजूंना हार्ड कोटिंग नसेल तर घेऊच नका. कोरडं पुसणं बंद करा. आधी गार पाण्याची धार, मग साध्या साबणाचा थेंब बोटाने, पुन्हा पाणी, मग स्वच्छ मऊ फडकं. खिडक्या पुसायचे अमोनियावाले फवारे चष्म्याला नकोत.

घाव सोसणं महत्त्वाचं असेल तर

लहान मुलं, खेळ, वेल्डिंग-ग्राइंडिंगच्या आसपासचं काम, आणि ज्यांचा एकच डोळा चांगला आहे अशी माणसं: इथे रंगाच्या किनारीचा विचार करत बसू नका. पॉलिकार्बोनेट किंवा ट्रायव्हेक्स, यापलीकडे पर्याय नाही. अमेरिकेत साध्या चष्म्यासाठी जी धक्काचाचणी आहे, तिच्यात १६ मिलिमीटरच्या आसपास व्यासाची पोलादी गोळी १२७ सेंटिमीटरवरून काचेवर सोडतात. संरक्षक चष्म्यांची चाचणी वेगळी: ६.३५ मिलिमीटरची पोलादी गोळी सेकंदाला सुमारे ४६ मीटर वेगाने मारतात. ठिणगी किंवा कपची कशी उडते, हे ज्याने पाहिलं आहे त्याला या दोन चाचण्यांतला फरक समजावून सांगावा लागत नाही. कामासाठी चष्मा करत असाल तर नुसत्या मटेरियलवर जाऊ नका, फ्रेमही त्या दर्जाची हवी आणि बाजूला आडोसा हवा.

या दोन्ही मटेरियलमध्ये अतिनील किरण मुळातच अडतात, त्यासाठी वेगळ्या कोटिंगचे पैसे कुणी मागितले तर विचारा, की ते नेमकं कशासाठी.

मी काय केलं

फ्रेम ४८-१८ ची घेतली. रिमलेसच, कारण हट्ट सुटत नाही. ऑर्डरच्या कागदावर स्वतःच्या हाताने लिहून दिलं: ट्रायव्हेक्स, दोन्ही बाजूंना हार्ड कोटिंग, पीडी दोन्ही डोळ्यांची वेगवेगळी मोजलेली, चारही भोकांत नव्या बुश्या. काचा आल्यावर ज्या छोट्या पाकिटात त्या येतात, ते मागून घेतलं आणि त्यावर छापलेलं मटेरियल वाचलं. पाकीट जपून ठेवलंय, म्हणजे पुढच्या वेळी मिठाचं पाणी करायला नको.

जुन्या पॉलिकार्बोनेटच्या काचेची कानाकडची कड हिशेबाने ६.७ मिलिमीटर होती, या नव्याची ५.३. कॅलिपर लावला तर ५.४ भरली. चौदा महिने झाले. दर महिन्याला पडद्यासमोर गॉगल धरून भोकं बघतो, आत्तापर्यंत तरी पट्टे जमलेले नाहीत. नाकाकडचा उजवा स्क्रू मात्र अजूनही दोन महिन्यांनी सैल होतो. काका म्हणाले, नट झिजलाय, पुढच्या फेरीला बदलू.